एकाच पत्त्यावर दोन ग्राहक: होस्टेड ईआरपीच्या प्रोव्हिजनिंगमधलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातली एक छोटी कंपनी भोसरी, चाकण आणि रांजणगाव भागातल्या लघुउद्योगांना ईआरपीनेक्स्ट होस्ट करून देते. ईआरपीनेक्स्ट हे मुंबईच्या फ्रापे कंपनीचं मुक्त स्रोत ईआरपी, म्हणजे बिलं, साठा, हिशेब सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर. ते जीपीएल परवान्याखाली असल्यामुळे कुणीही ते आपल्या सर्व्हरवर चालवून त्याची सेवा विकू शकतं. या कंपनीचे ग्राहक म्हणजे बहुतेक मशीन शॉप, फॅब्रिकेशनवाले, पावडर कोटिंगवाले. त्यांना सर्व्हर, बॅकअप आणि अपग्रेडची कटकट नको असते. महिन्याचे पैसे भरायचे आणि ब्राउझर उघडून बिलं करायची, एवढीच त्यांची अपेक्षा.

घटनेच्या वेळी एका बेंचवर ७१ साइट्स होत्या. फ्रापेच्या जगात बेंच म्हणजे कोडची एक प्रत, एक रेडिस (तात्पुरता डेटा आणि कामांची रांग ठेवणारी सेवा), वर्करांचा (पार्श्वभूमीतली कामं करणाऱ्या प्रक्रियांचा) एक संच आणि त्यावर चालणाऱ्या कितीही साइट्स. प्रत्येक साइटला स्वतःचा मारियाडीबी डेटाबेस असतो आणि साइट्स फोल्डरात स्वतःचं उपफोल्डर असतं. आलेली विनंती कोणत्या साइटची, हे एनजिनएक्स (वेब सर्व्हर) डोमेनच्या नावावरून ठरवतं. साध्या मांडणीत डोमेनचं नाव तेच फोल्डरचं नाव. इथेही तसंच होतं: ग्राहकाची ओळख, त्याचा पत्ता, त्याचं फोल्डर आणि डेटाबेसचं नाव, सगळं एकाच शब्दावरून निघत होतं. ईआरपीनेक्स्टची आवृत्ती १५ होती आणि डेटाबेस मारियाडीबी १०.६.

नवी साइट उभी करण्याचं काम, म्हणजे प्रोव्हिजनिंग, एक स्क्रिप्ट करायची. विक्री विभागाने फॉर्म भरला की स्क्रिप्ट कंपनीच्या नावातून छोटं नाव काढायची, बेंचची न्यू-साइट कमांड चालवायची, ईआरपीनेक्स्ट आणि जीएसटीसाठी इंडिया कम्प्लायन्स ही ॲप्स बसवायची, कंपनी आणि आर्थिक वर्ष भरायची, सुरक्षित जोडणीसाठी लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र घ्यायची आणि ग्राहकाला स्वागताची मेल पाठवायची. सगळं सुरळीत असेल तर पंधरा-वीस मिनिटांचं काम.

दोन गोष्टी मात्र आधीपासून ठिसूळ होत्या. न्यू-साइट अधूनमधून मधेच मरायची. एका वेळी दोन साइट्स बनवायला घेतल्या की मेमरी संपायची आणि लिनक्स त्यातली एक प्रक्रिया मारून टाकायचा. मागे अर्धवट फोल्डर आणि अर्धवट डेटाबेस उरायचा. पुन्हा तीच कमांड दिली की साइट आधीच अस्तित्वात आहे असं सांगून ती थांबायची. यावर कुणीतरी उपाय केला: पहिला प्रयत्न फसला तर दुसरा प्रयत्न फोर्स लावून करायचा. फोर्स लावलं की न्यू-साइट जुना डेटाबेस काढून टाकते आणि कोरा बनवते. अर्धवट साइटसाठी हे बरोबरच होतं, आणि काही महिने चाललंही.

दुसरी गोष्ट नावांची. रोमन लिपीत ‘श्री’ तीन-चार प्रकारे लिहिलं जातं आणि ग्राहक फोनवर पत्ता सांगताना गोंधळतात, म्हणून विक्री विभागाच्या सांगण्यावरून स्क्रिप्ट ही सगळी स्पेलिंग एकाच रूपात आणायची. शिवाय ‘वर्क्स’, ‘इंडस्ट्रीज’, ‘प्रायव्हेट लिमिटेड’ अशी शेपटं कापून टाकायची. पुणे जिल्ह्याच्या औद्योगिक वसाहतींत देवाच्या नावाने सुरू होणारी वर्कशॉप किती आहेत, हे कुठल्याही गल्लीतल्या पाट्या वाचल्या तरी कळतं. दोन ग्राहकांचं छोटं नाव एकच निघणार, हे कधीतरी होणारच होतं.

काय घडलं

२०२५ साली गुढीपाडवा ३० मार्चला, रविवारी होता आणि दोन दिवसांनी १ एप्रिल, म्हणजे नवं आर्थिक वर्ष. काही ग्राहकांना पाडव्याचा मुहूर्त हवा होता आणि बाकीच्यांना १ एप्रिलपासून नव्या वह्या. वर्षभरात सर्वांत जास्त नव्या साइट्स याच आठवड्यात उभ्या राहतात.

शनिवारी, २९ मार्चला दुपारी ३ वाजून ३८ मिनिटांनी चाकणच्या एका नव्या ग्राहकाची ऑर्डर स्क्रिप्टने उचलली. त्याच्या नावातून निघालेलं छोटं नाव भोसरीच्या एका जुन्या ग्राहकाकडे दोन वर्षांपासून होतं. न्यू-साइटने साइट अस्तित्वात आहे असं सांगितलं आणि त्रुटीचा कोड देऊन ती थांबली. हे तिचं वागणं अगदी योग्य होतं. स्क्रिप्टला मात्र त्रुटीचा एकच अर्थ माहीत होता: मागचा प्रयत्न अर्धवट राहिला. तिने फोर्स लावून पुन्हा कमांड दिली. डेटाबेसचं नाव वेगळं दिलं नाही तर फ्रापे ते साइटवरून काढलेल्या हॅशचं (गणिताने बनणाऱ्या ठरावीक लांबीच्या ठशाचं) ठेवतं, अंडरस्कोर आणि त्यापुढे १६ हेक्स अंक. साइट तीच, म्हणून डेटाबेसही तोच. भोसरीच्या ग्राहकाचा चालू डेटाबेस काही सेकंदांत गेला आणि त्या जागी कोरा डेटाबेस उभा राहिला.

बेंच लॉगमध्ये सगळं हिरवं होतं. स्क्रिप्टच्या लेखी काम यशस्वी झालं होतं. चाकणच्या ग्राहकाला स्वागताची मेलही गेली, त्यात भोसरीवाल्याचा पत्ता.

पाऊण तासाच्या आत भोसरीहून फोन आला. बिलिंगवाल्या माणसाचा पासवर्ड साइट घेत नव्हती, आणि गेटवर माल भरलेली गाडी बिलासाठी थांबली होती.

पहिला तास

सपोर्टला आधी हे पासवर्ड विसरल्याचं नेहमीचं प्रकरण वाटलं. पासवर्ड बदलायला प्रशासक म्हणून आत गेल्यावर कंपनीची यादीच कोरी दिसली, तेव्हा खरा प्रकार कळला. इथून पुढच्या तासाभरातले निर्णय या प्रकरणात सर्वांत मोलाचे आहेत.

पहिला निर्णय: काय काय थांबवायचं? सगळं एनजिनएक्स बंद केलं असतं तर बाकीचे ७० ग्राहक मार्चअखेरच्या शनिवारी बंद पडले असते. म्हणून फक्त त्या एका साइटवर मेंटेनन्स मोड लावला आणि तिचा शेड्युलर (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारा भाग) थांबवला. प्रोव्हिजनिंगचा सिस्टमडी टायमर (स्क्रिप्ट ठरल्या वेळी चालवणारी लिनक्सची सोय) बंद केला, कारण रांगेत आणखी ऑर्डरी होत्या आणि त्यांच्या नावांवर आता कुणाचाच भरवसा राहिला नव्हता.

दुसरा निर्णय: बॅकअप लगेच चढवायचा का? बेंचचा नेहमीचा क्रॉन (वेळापत्रकाने चालणारं काम) दर सहा तासांनी बॅकअप घेतो आणि दुपारी १२ ची फाइल हातात होती. ग्राहकाचा आग्रह साहजिकच ती चढवून लगेच साइट चालू करण्याचा होता, आणि एकाने कमांड टाइप करायला घेतलीही होती. तो मोह आवरला गेला, हे या घटनेतलं मोठं भाग्य. १२ च्या प्रतीवर लोकांनी काम सुरू केलं असतं, तर दुपारी दिले गेलेले बिल क्रमांक पुन्हा नव्या बिलांना मिळाले असते. ती बिलं छापून, सही होऊन गाडीबरोबर गेली होती आणि काहींचे ई-इनव्हॉइसचे आयआरएनही (सरकारी पोर्टलने दिलेले बिलाचे नोंदणी क्रमांक) निघाले होते. त्याच क्रमांकाचं बिल पुन्हा पोर्टलवर पाठवलं की २१५० ही दुबार आयआरएनची त्रुटी येते. त्याहून वाईट म्हणजे नंतर दुपारचा डेटा मिळाला असता तरी तो जोडायला जागा उरली नसती, कारण त्याच क्रमांकांवर दुसऱ्या नोंदी बसल्या असत्या. शेड्युलर चालू ठेवून जुनी प्रत चढवली तर आणखी एक धोका असतो. बाराच्या क्षणी ईमेल रांगेत ‘पाठवायचे’ म्हणून असलेले संदेश पुन्हा एकदा सुटतात.

तिसरा निर्णय बिनलॉग, म्हणजे डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची क्रमवार नोंद, वाचवण्याचा. मारियाडीबीत बिनलॉग आपोआप चालू नसतो. इथे तो चालू होता, पण तीनच दिवस ठेवला जायचा. आधी फ्लश बायनरी लॉग्ज देऊन चालू फाइल बंद केली आणि सगळ्या फाइली दुसऱ्या मशीनवर कॉपी केल्या. बाकी काहीही करण्याआधी हे झालं, आणि तेच बरोबर होतं.

डेटा परत कसा आला

दुसऱ्या मशीनवर १०.६ चाच मारियाडीबी उभा केला, त्यात त्याच नावाचा डेटाबेस बनवून १२ चा बॅकअप भरला. मग त्यावर बिनलॉगमधले बदल पुन्हा चालवायचे होते: बॅकअपच्या क्षणापासून डेटाबेस उडण्याच्या अगदी आधीपर्यंत.

शेवटचं टोक सोपं होतं. मायएसक्यूएल-बिनलॉग या साधनाने काढलेल्या उताऱ्यात ड्रॉप डेटाबेस हे विधान शोधलं, त्याच्या आधीची पोझिशन घेतली. सुरुवातीच्या टोकाने मात्र दोन तास खाल्ले. बेंचचा बॅकअप मायएसक्यूएल-डंपने सिंगल-ट्रान्झॅक्शन पद्धतीने निघतो, म्हणजे डेटाचं चित्र व्यवहार सुरू होण्याच्या क्षणाचं असतं. पण बिनलॉगमधली त्या क्षणाची पोझिशन फाइलमध्ये लिहिलेली नसते. क्रॉन १२ ला सुरू होतो हे खरं, पण साइट्सचे बॅकअप एकामागून एक निघतात. या साइटची पाळी १२ वाजून काही मिनिटांनी आली होती. नुसत्या घड्याळावर विसंबणं परवडणारं नव्हतं.

खूण सापडली ती शेड्युलरच्या टेबलात. शेड्युल्ड जॉब टाइप या टेबलातल्या नोंदींची शेवटच्या धावेची वेळ दर काही मिनिटांनी बदलत असते, ग्राहक काम करत असो वा नसो. बॅकअपमधून भरलेल्या प्रतीत या वेळा पाहिल्या, बिनलॉगचा उतारा ओळीओळीने उलगडून त्याच वेळा तिथे शोधल्या आणि प्रतीत नसलेला पहिला बदल गाठला. तिथून सुरुवात. शंका असेल तिथे थोडं आधीपासून सुरू करायचं, कारण दोन्ही चुकांचा स्वभाव वेगळा आहे. लवकर सुरू केलं तर आधीच असलेली नोंद पुन्हा घुसवताना १०६२ ही दुबार किल्लीची त्रुटी येते आणि काम तिथेच थांबतं. उशिरा सुरू केलं तर मधल्या नोंदी गुपचूप राहून जातात आणि कुणालाच कळत नाही.

चढवण्याआधी तपासणी केली. जीएल एन्ट्रीतली (खातेवहीतली) डेबिटची आणि क्रेडिटची बेरीज जुळली. विक्री बिलांची मालिका सलग निघाली. शेवटचं बिल ग्राहकाच्या पाठवलेल्या मेलमधल्या पीडीएफशी पडताळलं. आयआरएन निघालेली दुपारची बिलं पोर्टलवरच्या यादीशी जुळवली. मग त्या मशीनवरून नवा डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत) घेऊन मूळ सर्व्हरवर चढवला. रात्री साडेनऊला भोसरीची साइट चालू झाली.

एक गोष्ट सुदैवाने वाचली होती. फोर्सने डेटाबेस उडवला, पण फोल्डरातली साइट कॉन्फिगची फाइल आणि अपलोड केलेल्या फाइली तशाच राहिल्या. त्या कॉन्फिगमध्ये एन्क्रिप्शन की असते. लॉगिनचे पासवर्ड हॅश केलेले असतात, त्यांना या कीची गरज नाही. पण ईमेल खात्याचे, जीएसटीच्या एपीआयचे आणि इतर जोडण्यांचे पासवर्ड तिनेच एन्क्रिप्ट होतात. ती हरवली असती तर हिशेब परत येऊनही ते सगळे पासवर्ड ग्राहकाकडून नव्याने मागावे लागले असते. या फाइलीचा बॅकअप डेटाबेसइतकाच महत्त्वाचा आहे, आणि तो सोडून देणारे होस्टिंगवाले बरेच आहेत.

याच गोष्टीची दुसरी बाजू गंभीर होती. चाकणच्या ग्राहकाला ज्या साइटचा पासवर्ड मिळाला, तिच्या फोल्डरात भोसरीवाल्याच्या फाइली होत्या. खाजगी फाइलींना डेटाबेसमधल्या नोंदीचं कुलूप असतं, त्यामुळे त्या उघडल्या नसत्या. पब्लिक फोल्डरातल्या फाइली मात्र एनजिनएक्स थेट देतो. नेमका दुवा माहीत असता तर आतल्या फाइली दिसल्या असत्या. एनजिनएक्सचा लॉग तपासला, चाकणच्या बाजूने एकही फाइल मागितली गेली नव्हती. दोन्ही ग्राहकांना त्याच रात्री घडलेलं सगळं सांगितलं.

कोणते पर्याय होते

सोमवारी रांगेतल्या साइट्स हाताने बनवल्या आणि पाडवा-एप्रिलची गर्दी ओसरल्यावर व्यवस्थेचा फेरविचार सुरू झाला. चार वाटा समोर होत्या.

सर्वांत स्वस्त वाट म्हणजे स्क्रिप्टमधून फोर्स काढायचं आणि अर्धवट साइट्स माणसाने साफ करायच्या. धोका जागा बदलतो, एवढंच. गर्दीच्या आठवड्यात रात्री अकरा वाजता थकलेला माणूस हाताने डेटाबेस काढायला बसला तर नाव वाचण्यात तोही चुकू शकतो.

दुसरी वाट प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र डॉकर कंटेनर, म्हणजे सॉफ्टवेअर चालवायची वेगळी बंदिस्त जागा. वेगळेपणा उत्तम, पण प्रत्येकाचे वेगळे वेब प्रोसेस, वर्कर आणि रेडिस म्हणजे मेमरीचा खर्च कित्येक पटींनी वाढतो. दहा वापरकर्त्यांच्या मशीन शॉपला महिन्याच्या वर्गणीत हे परवडत नाही.

तिसरी, फ्रापेचं स्वतःचं प्रेस हे सॉफ्टवेअर वापरणं. फ्रापे क्लाउड त्यावरच चालतं आणि ते मुक्त स्रोत आहे. त्यात प्रत्येक सर्व्हरवर एजंट नावाची छोटी सेवा असते आणि कामाची प्रत्येक पायरी वेगळी नोंदवली जाते. रचना अभ्यासण्यासारखी आहे, पण पूर्ण प्रेस सांभाळणं हे चार माणसांच्या चमूला झेपणारं काम नव्हतं. त्यातली पायऱ्या नोंदवण्याची कल्पना मात्र उचलली.

चौथी वाट निवडली: स्वतःचीच व्यवस्था, पण ओळख, अवस्था आणि अधिकार या तिन्ही गोष्टी वेगळ्या करून.

काय बदललं

ओळखीपासून सुरुवात झाली. ग्राहकाला एकमेव ठरवणारं काय धरावं? पहिली सूचना जीएसटीआयएनची आली. १५ अक्षरी, तपासता येण्याजोगा, सगळ्यांकडे असतो. पण सगळ्यांकडे नसतो. नोंदणीच्या उंबरठ्याखालचे काही ग्राहक होतेच. शिवाय एकाच कंपनीचा महाराष्ट्रात २७ ने आणि गोव्यात ३० ने सुरू होणारा क्रमांक असतो आणि साइट एकच. पॅन घ्यावा तर भावाभावांच्या दोन कंपन्या एका साइटवर चालतात. ग्राहकाशी संबंधित कुठलीच गोष्ट टिकेना, तेव्हा निर्णय झाला तो निव्वळ अनुक्रमांकाचा: टी आणि सहा अंक. फोल्डरचं नाव तेच, डेटाबेसचं नावही तेच, न्यू-साइटला डीबी-नेम देऊन. ग्राहकाला दिसणारा पत्ता त्यावर उपनाव म्हणून लावायचा. बेंचमध्ये त्यासाठी ॲड-डोमेनची सोय आहेच. उपनावाच्या टेबलात युनिक निर्बंध आहे, त्यामुळे तेच नाव दुसऱ्याने मागितलं तर फॉर्म भरतानाच विक्रीच्या माणसाला कळतं आणि तो ग्राहकाशी बोलून दुसरं नाव ठरवतो.

इथे एक खाच आहे. उपनाव लावल्यावर साइट कॉन्फिगमध्ये होस्ट-नेम भरायचं विसरू नका. ते नसेल तर पार्श्वभूमीत चालणाऱ्या जॉबमधून जाणाऱ्या मेलमधले दुवे फोल्डरच्या नावाने बनतात. ग्राहकाच्या गिऱ्हाइकाला टी-शून्य-शून्य असा कुठेच न उघडणारा दुवा जातो.

अनुक्रमांकाचा सर्वांत मोठा फायदा हा की पुन्हा प्रयत्न करण्याचा अर्थच बदलला. साइट मधेच अडकली तर तोच क्रमांक परत वापरायचा नाही. नवा क्रमांक घ्यायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचं. अडकलेली साइट तशीच बाजूला राहते. क्रमांक फुकट आहेत, म्हणून फोर्सची गरजच उरत नाही.

मग अवस्थांचं टेबल. आरक्षित, डेटाबेस तयार, ॲप्स बसली, सेटअप पूर्ण, डोमेन जोडलं, पडताळणी झाली, सुपूर्त. आणि बाजूला अडकलेली. प्रत्येक पायरीला स्वतःची वेळमर्यादा आणि स्वतःचा पुरावा. कमांडच्या परतीच्या कोडवर कुठेच विसंबायचं नाही. ॲप्स बसली का, हे लिस्ट-ॲप्स चालवून पाहायचं. सेटअप विझार्डचं काम सेटअप-कम्प्लीट फंक्शन थेट बोलावून होतं. त्यानंतर सिस्टम सेटिंग्जमधली खूण आणि कंपनीची नोंद दोन्ही पाहायच्या. कंपनीचं लघुरूप इथेच ठरतं आणि खात्यांच्या प्रत्येक नावामागे चिकटतं. ते नंतर बदलणं जिकिरीचं असल्याने फॉर्ममध्ये ग्राहकाकडूनच घेतलं जातं.

पडताळणीची पायरी नवी आहे आणि तिने सर्वांत जास्त चुका पकडल्या आहेत. बाहेरून, खऱ्या डोमेनवर, एपीआयची पिंग मारायची आणि पाँग येतं का पाहायचं. शेड्युलर चालू आहे का पाहायचं. आणि विक्री बिलाच्या मालिकेतून बनणारा क्रमांक मोजायचा. जीएसटी नियमांप्रमाणे बिल क्रमांक १६ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही, आणि ईआरपीनेक्स्टची एसीसी-एसआयएनव्ही, चार अंकी वर्ष आणि पाच अंकी क्रम ही मालिका १९ अक्षरांची होते. आर्थिक वर्षाचं पूर्ण नाव घातलं तरी तेच. एसआय-२०२५-२०२६-०००१ मोजून पाहा, १७ भरतात. हे १ एप्रिलला सकाळी ग्राहकाला कळण्यापेक्षा आदल्या रात्री यंत्राला कळलेलं बरं.

अधिकारांचं काम सर्वांत अवघड निघालं. प्रोव्हिजनिंगच्या डेटाबेस खात्याचा ड्रॉपचा (डेटाबेस काढण्याचा) अधिकार काढून टाकू, हा पहिला विचार होता. तो चालत नाही. न्यू-साइट कोऱ्या नावासाठीसुद्धा आधी ‘असेल तर काढ’ असं विधान देते, त्याला ड्रॉपचा अधिकार लागतो. शिवाय साइटच्या खात्याला सगळे अधिकार द्यायचे तर देणाऱ्याकडे ते ग्रँट ऑप्शनसह (पुढे दुसऱ्याला देण्याच्या मुभेसह) असावे लागतात.

म्हणून अधिकार कमी करण्याऐवजी त्याचं क्षेत्र छोटं केलं. एक वेगळी, छोटी सेवा अवस्थांचं टेबल वाचते. क्रमांक आरक्षित अवस्थेत असेल तरच ती एक तात्पुरतं डेटाबेस खातं बनवते. त्या खात्याला त्या एकाच डेटाबेसवर सगळे अधिकार ग्रँट ऑप्शनसह, आणि संपूर्ण सर्व्हरवर फक्त दोन: क्रिएट यूझर, कारण साइटचं खातं बनवायचं असतं, आणि रीलोड, कारण फ्रापे शेवटी फ्लश प्रिव्हिलेजेस देतं. न्यू-साइटला रूटऐवजी (सर्वाधिकारी खात्याऐवजी) हेच खातं आणि त्याचा पासवर्ड दिला जातो. काम झालं की खातं काढलं जातं. आता स्क्रिप्टमध्ये कितीही मोठी चूक झाली तरी दुसऱ्याचा डेटाबेस तिच्या हाताला लागत नाही. ग्रँटमध्ये डेटाबेसच्या नावातला अंडरस्कोर हा ‘कुठलंही एक अक्षर’ असा धरला जातो, हे लक्षात ठेवून नावांत अंडरस्कोर ठेवलेलाच नाही.

साफसफाई हे पूर्णपणे वेगळं काम झालं, वेगळ्या खात्याने चालणारं. साइट किमान सात दिवस अडकलेल्या अवस्थेत हवी, तिला एकही डोमेन जोडलेलं नसावं आणि डेटाबेसमध्ये एकही विक्री बिल नसावं. मगच ड्रॉप-साइट चालते, आणि तीही आधी बॅकअप घेऊन फोल्डर आर्काइव्हमध्ये हलवते. सात दिवस थांबायचा खर्च आहे. ईआरपीनेक्स्टच्या एका साइटची पाचशेहून अधिक टेबलं असतात आणि प्रत्येक टेबलाची वेगळी फाइल. अडकलेल्या साइट्स साठल्या की मारियाडीबीची उघड्या फाइलींची मर्यादा जवळ येते. टेबल ओपन कॅशे आणि सिस्टमडीतली फाइलमर्यादा दोन्ही एकत्र वाढवावी लागली. एकच वाढवून उपयोग नाही.

गर्दीसाठी पाच तयार साइट्सचा साठा ठेवायचा ठरलं. एक नमुना साइट बनवून तिचा बॅकअप प्रत्येक नव्या ग्राहकासाठी चढवायचा, हा वेगवान मार्ग चर्चेत होता आणि तो नाकारला गेला. नमुन्याची एन्क्रिप्शन की सोबत नेली तर सगळ्या ग्राहकांची की एकच होते, नेली नाही तर नमुन्यातले साठवलेले पासवर्ड उघडत नाहीत. आणि नमुन्यात येणारी मेल वाचणारं ईमेल खातं चुकून चालू राहिलं, तर प्रत्येक ग्राहकाची साइट तीच पेटी उपसायला लागते. त्यामुळे साठ्यातल्या साइट्स रात्री एकेक करून, कोऱ्या न्यू-साइटने बनतात. कंपनी आणि वर्ष मात्र ऑर्डर आल्यावरच भरलं जातं.

प्रमाणपत्रांचं थोडक्यात. बेंचची लेट्स एन्क्रिप्ट कमांड काही वेळ एनजिनएक्स बंद करते, म्हणजे एका नव्या ग्राहकासाठी ७१ जणांना धक्का. आता कंपनीच्या स्वतःच्या डोमेनसाठी डीएनएस पद्धतीने घेतलेलं एकच वाइल्डकार्ड (सगळ्या उपडोमेनांना चालणारं प्रमाणपत्र) आहे, आणि स्वतःचं डोमेन आणणाऱ्यांसाठी एनजिनएक्स बंद न करावी लागणारी वेबरूट पद्धत. सेटअप एनजिनएक्सला यस हा पर्याय दिला नाही तर ती फाइल बदलू का असं विचारत स्वयंचलित कामात तशीच बसून राहते. आणि रीलोडच्या आधी एनजिनएक्सची चाचणी घेतलीच पाहिजे. चुकीची फाइल असेल तर रीलोड जुन्याच मांडणीवर चालू राहतो आणि सगळं ठीक वाटतं. मग महिनाभराने सर्व्हर रीस्टार्ट होतो आणि एकही साइट उठत नाही.

परिणाम

पुढच्या तिमाहीतही साइट्स मधेच अडकल्या. मेमरीचं मूळ कारण एका वेळी एकच न्यू-साइट चालवून बरंचसं गेलं, पूर्ण नाही. प्रत्येक वेळी व्यवस्थेने नवा क्रमांक घेतला, ग्राहकाला फरक कळला नाही आणि अडकलेली साइट आठवड्याने बॅकअपसह निघून गेली. तेच छोटं नाव दुसऱ्यांदा मागितलं जाण्याचे प्रकारही झाले आणि ते फॉर्मवरच अडले. जुन्या ७१ साइट्स मात्र जुन्याच नावांच्या फोल्डरांत आहेत. त्या हलवायच्या तर प्रत्येकीला थोडा वेळ बंद ठेवावं लागतं, म्हणून अपग्रेडच्या वेळी एकेक करून हलवल्या जात आहेत.

भोसरीचा ग्राहक टिकला. त्याच्या लेखापालाने त्या दुपारची सगळी बिलं स्वतः बसून तपासली आणि एकही कमी नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

बॅकअपच्या वेळी बिनलॉगची पोझिशन नोंदवली असती तर शनिवारचे दोन तास वाचले असते. डंपला मास्टर-डेटा २ हा पर्याय दिला की ती फाइलच्या सुरुवातीला टिपणीसारखी लिहिली जाते. बेंचची बॅकअप कमांड ते करत नाही, म्हणून आता रोज रात्री एक वेगळा पूर्ण डंप या पर्यायासह घेतला जातो आणि बिनलॉग सात दिवस ठेवला जातो.

फोर्स घालण्याचा बदल ज्या दिवशी झाला, त्या दिवशी तो फक्त अर्धवट साइटवर तपासला गेला. चालू साइटचं नाव देऊन पाहणं ही पाच मिनिटांची चाचणी होती. डेटा काढू शकणारा कुठलाही पर्याय स्वयंचलित कामात घालताना तो जिथे चालू नये तिथे चालवून पाहणं, हा आता तपासणीचा लेखी भाग आहे.

सपोर्टकडेही सुधारायला जागा होती. पासवर्ड चालत नसल्याची तक्रार आली की आधी त्या साइटवर शेवटच्या तासात प्रोव्हिजनिंगची काही नोंद आहे का, हे पाहायचं. हे त्या दिवशी केलं असतं तर वीसेक मिनिटं आधी कळलं असतं.

उरलेली कच्ची बाजू फाइल सिस्टमची आहे. डेटाबेसचे अधिकार क्रमांकागणिक वाटले, पण सगळ्या साइट्सची फोल्डरं एकाच लिनक्स वापरकर्त्याच्या मालकीची आहेत आणि बेंचला ते तसंच लागतं. स्क्रिप्टची चूक इथे अजूनही दुसऱ्याच्या फोल्डरापर्यंत पोचू शकते. तात्पुरता उपाय म्हणून दुसरं मशीन दर तासाला फाइली आणि साइट कॉन्फिग स्वतः ओढून नेतं. मुख्य सर्व्हरला त्या मशीनवर लिहिण्याचा किंवा तिथलं काही काढण्याचा अधिकार नाही.